श्वास परत आला, नडगी अजून यायची आहे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ४७ वर्षांची, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टमध्ये. २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षं मी मुंबईची हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, धावले. शेवटची दोन तास नऊ मिनिटांत. त्याच वर्षी पावसाळ्यात आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर ती अंथरुणातून फारशी उठलीच नाही. तिला आमच्याकडे आणलं. सात वर्षं तिचं सगळं मीच केलं आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती गेली.

या जूनमध्ये मी पुन्हा पळायला लागले. पहिले तीन आठवडे इतके छान गेले की वाटलं, मधली वर्षं गेलीच नाहीत. जुलैत सात किलोमीटर न थांबता पळाले आणि त्या भरात जानेवारीच्या हाफसाठी नाव नोंदवून टाकलं. आता डावी नडगी दुखते आहे. आमचा जुना ग्रुप हल्ली फुल मॅरेथॉन धावतो. त्यांचे आकडे रोज व्हॉट्सॲपवर येतात, माझे टाकायची मला लाज वाटते. घरी सासूबाई आणि हे म्हणतात, आता या वयात कशाला? आणि एक सांगते. सकाळी सहा ही आईचं अंग पुसायची वेळ होती. बरोबर त्याच वेळेला बुटांच्या नाड्या बांधताना हात थांबतो. ती गेली म्हणून मला पळायला वेळ मिळाला, असं मनात येतं. जानेवारीत उभी राहू का? तुम्हीही मोठ्या खंडानंतर परत धावलात असं वाचलं होतं, म्हणून विचारते. मला अगं-तुगंच म्हणा.

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

आधी नडगी, मग बाकीचं सगळं.

आज घरी गेलीस की पलंगावर बस, डावा पाय पुढे घे आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठ्यानं दाबत वर ये. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात पसरट दुखत असेल, पळायला लागल्यावर दहा मिनिटांत थोडं हलकं होत असेल, तर बहुतेक ते त्या कडेवर पडलेल्या ताणाचं दुखणं आहे. भार कमी केला की ते उतरतं. पण एका बोटाच्या टोकाखाली झाकेल एवढ्याच जागेत चमक निघत असेल, पळताना वाढत जात असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर पळणं आजच बंद आणि उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो. तेव्हा 'एक्स-रेमध्ये काही नाही' एवढं ऐकून परत येऊ नकोस, एमआरआय लागेल का ते विचार.

इतक्या बारकाव्यानं सांगते, कारण मी यातून गेले आहे. मी २०१३ पर्यंत ही शर्यत धावत होते. मग बदली, मुलांच्या दहावी-बारावी, आणि सहा वर्षं कशी गेली कळलं नाही. २०१९च्या पावसाळ्यात परत सुरुवात केली, जानेवारी २०२०साठी नाव घातलं. सप्टेंबरपर्यंत श्वास अगदी पूर्वीसारखा चालायला लागला आणि मी जुनं वेळापत्रक कपाटातून काढून जसंच्या तसं पाळायला लागले. नोव्हेंबरात नडगीवर एक ठिपका दुखायला लागला. सराव घेणारे म्हणाले, पाय तयार होतोय, थोडं दुखणारच. मला ते ऐकायचंच होतं. क्रेप बँडेज गुंडाळून मी त्या रविवारी चौदा किलोमीटर पळाले, आणि सोमवारी जिना उतरता येईना. हाडाला बारीक चीर गेली होती. शर्यतीचं बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, तेवढं घरी आणून ठेवलं. पुढे २०२१ आणि २०२२च्या जानेवारीत करोनामुळे शर्यतच झाली नाही. मी परत उभी राहिले ती १५ जानेवारी २०२३ला.

त्या चिरेनं मला जे शिकवलं तेच तुला सांगायचं आहे. पहिल्यांदा पळणाऱ्याला श्वास अडवतो. दोनशे मीटरवर धाप लागते, माणूस थांबतो, हाडं आपोआप वाचतात. एकेकाळी पळालेल्या माणसाचं तसं नसतं. हृदय आणि रक्त फार लवकर सावरतात. नियमित पळायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या पाण्याचा भाग वाढतो, हृदयाचा प्रत्येक ठोका जास्त रक्त ढकलतो. पावलांची लय तर शरीर विसरलेलंच नसतं. म्हणून तुझे ते तीन आठवडे छान गेले. ते खोटे नव्हते. पण हाडाचं गणित वेगळं आहे. नवा भार आला की हाड आधी थोडं पोखरलं जातं आणि मग नव्यानं भरलं जातं. हे एक आवर्तन पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. भार सुरू झाल्यावरचा दुसरा महिना हा नेमका पोखरलेला पण न भरलेला काळ असतो. तू जूनमध्ये सुरू केलंस आणि जुलैत सात किलोमीटर सलग पळालीस. घोट्यामागची शीर, टाचेखालचा पडदा, गुडघ्याची वाटी धरून ठेवणाऱ्या दोऱ्या, हेही सगळे हाडाच्याच चालीनं चालणारे. तुझा श्वास परत आलाय. नडगी अजून वाटेत आहे, तिच्यासाठी थांबावं लागेल.

थांबायचं म्हणजे घरी बसायचं नाही. दुखणं पसरट असेल तर दोन आठवडे नुसतं भरभर चाल, आणि चालतानाही दुखलं नाही तर मग तीन मिनिटं पळ, एक मिनिट चाल. अर्ध्या तासापासून सुरुवात. आठवड्यातून तीनच दिवस, दोन पळण्यांमध्ये एक दिवस मोकळा. वेग घड्याळात बघू नकोस. पळताना सतराचा पाढा मोठ्यानं म्हण. सतरा साते एकोणीसाशे, सतरा आठे छत्तीसाशे, न तुटता म्हणता आला तर वेग बरोबर. मध्येच हवा गिळावी लागली तर वेग जास्त. रविवारचा लांबचा पल्ला सप्टेंबरात सहा किलोमीटरला धर, दर आठवड्याला एक वाढव, आणि दर चौथ्या रविवारी दोन-तीन किलोमीटर कमी कर. तो कमी केलेला रविवार चुकवायचा नाही, हाडाला भरून यायला तेव्हाच सवड मिळते. अशानं डिसेंबर संपताना तू सोळा-सतरावर येशील. एकवीस आधी पळून बघायची गरज नाही, उरलेले चार किलोमीटर शर्यतीच्या दिवशी पाय ओढून नेतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र आकडे बिघडतील, त्यानं खचू नकोस. त्या महिन्यात सगळ्यांचेच बिघडतात.

आठवड्यातून दोनदा जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभी राहा, टाचा हवेत. हळूच खाली सोड, हळूच वर उचल. पंधरा वेळा दोन्ही पायांवर, महिन्याभरानं एकेका पायावर. मग खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. ज्यांना परत यायचं आहे त्यांच्यासाठी ही दहा मिनिटं एका पळण्याइतकी मोलाची आहेत, आणि सगळेजण नेमकी तीच टाळतात. ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता तुझ्या जवळ आहे, सपाट भागासाठी चांगला. चढाचा सराव एखाद्या पुलावर कर, नोव्हेंबरपासून, त्याआधी नाही.

आणखी दोन गोष्टी. २०१७चे बूट कपाटात असतील आणि चांगले दिसत असतील, तरी ते पळायला घालू नकोस. न वापरताही त्यांचा फोम कडक होतो. आणि तुझ्या वयात पाळी जायच्या आसपास हाडांची ताकद कमी व्हायला लागते. तेव्हा एकदा रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व. आणि डॉक्टरांना विचारून हृदयाची स्ट्रेस टेस्ट. तो रिपोर्ट घरी जेवणाच्या टेबलावर ठेव. 'या वयात कशाला' म्हणणाऱ्या माणसांच्या पोटात बहुतेक वेळा भीती असते, ती अशा कागदानं निवते. ह्यांना शर्यतीच्या दिवशी शेवटाला न्यायला यायचं काम दे. सासूबाईंशी वाद घालू नकोस. सात वर्षं तू त्यांच्या डोळ्यांदेखत राबलीस, तू आता पडू नयेस एवढंच त्यांना म्हणायचं असेल.

आता दोन तास नऊ मिनिटं. म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं सात सेकंद. हा आकडा चाळिशीच्या आतल्या, रात्री सात तास झोपलेल्या बाईचा आहे. त्यानंतरची सात वर्षं तू रात्री दोनदा उठून आईची कूस बदलली असशील. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असलं की झोप कशी होते ते मला माहीत आहे. त्या आकड्याला या जानेवारीत हात लावू नकोस. पावणेतीन तास, म्हणजे किलोमीटरला साधारण सात मिनिटं पन्नास सेकंद, एवढं डोक्यात ठेव आणि तेही ढोबळ. शर्यतीत त्या वेळेचा झेंडा घेतलेला पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळात पळून इतरांना सोबत नेणारा, असेल तर त्याच्यामागच्या घोळक्यात घुस, त्यानं सुरुवातीला पुढे पळायचा मोह आवरतो. किती वेळात शर्यत पुरी करावी लागते ते यंदाच्या नियमांत आधी बघून ठेव.

मी २०२३ला दोन तास बावन्न मिनिटांत आले. पूर्वीची माझी वेळ दोन चौदा होती. महिनाभर मला वाटत होतं की पाटीवर तो आकडा बघून वाईट वाटेल. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण सी लिंकवर. अंधारात एक मोठा घोळका मला दोन्ही बाजूंनी ओलांडून गेला आणि पावलांचा आवाज पुढे पुढे जात राहिला, तेव्हा घशात आलं. तिथे मी ठरवल्याप्रमाणे चालायचं मिनिट चालले. पुढच्या तीन मिनिटांत ते निघून गेलं. तुलाही ते कुठेतरी गाठेल, म्हणून आधी सांगून ठेवते. तेव्हा वेग वाढवायचा नाही.

तुझ्या ग्रुपचं म्हणशील तर व्हॉट्सॲपचा तो ग्रुप जानेवारीपर्यंत म्यूट कर. सोडू नकोस. त्यातली जी एक तुला खरोखर जवळची आहे तिला फोन करून नडगीसकट सगळं सांग. एवढं पुरे. फुल सीएसएमटीहून सुटते आणि तुझी हाफ माहीमहून, म्हणजे सुरुवातीला तुला ओळखीचं कोणी दिसणारच नाही. मला त्या अनोळखीपणाचा फार आधार वाटला होता.

हो, माहीमहून. तुझ्या वेळी हाफ वरळी डेअरीपासून निघायची, आता माहीमच्या रेती बंदरावरून निघते. डोंबिवलीहून तिथे पहाटे पोचणं हेच एक काम आहे. मॅरेथॉनच्या पहाटे मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात, त्यांच्या वेळा आदल्या आठवड्यात बघ. पण दादर-माहीमला कोणी नातेवाईक असतील तर शनिवारी रात्री त्यांच्याकडेच राहा. बिब बीकेसीत आधीच घ्यावं लागतं, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. ओळखपत्र घेऊन गुरुवारी नाहीतर शुक्रवारी जा. शनिवारी गेलीस तर रांगेत आणि त्या मोठ्या हॉलमध्ये दोन-तीन तास पायांवर जातील. मार्गाचा यंदाचा नकाशाही तेव्हाच नीट बघ, कोस्टल रोड झाल्यापासून वरळी-हाजीअलीकडचे रस्ते तुझ्या आठवणीतले राहिलेले नाहीत.

पेडर रोड मात्र तोच आहे. हाजीअलीचं वळण मागे पडलं की तो चढ लागतो. उभा म्हणावा असा नाही, पण लांब, आणि पाय रिकामे झाल्यावर येणारा. २०२३ला मी तो चाळीस पावलं पळून चाळीस पावलं चालत चढले. दोन्हीकडे इमारतींमधली माणसं खाली उतरून उभी होती, कोणी ढोल घेऊन, कोणी केळी-बिस्किटं घेऊन. एका जिन्यापाशी नऊवारीतल्या एक आजी प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर स्टीलची परात, तीत सोललेल्या संत्र्यांच्या फोडी, आणि बाजूला वाटीत मीठ. येणाऱ्या प्रत्येकाला त्या फोड मिठात बुडवून देत होत्या, स्वतःच्या हातानं. माझ्या आधीचा मुलगा मीठ नको म्हणाला तर त्यांनी त्याला दटावलं, घे, घाम बघ किती आलाय. त्यांच्या बोटांच्या पेरांना मिठाचा पांढरा थर बसला होता. ती फोड मी गालात धरून उरलेला चढ चढले. त्या आजी अगदी बरोबर सांगत होत्या. जानेवारीतही मुंबईची हवा दमट असते, घाम वाळत नाही. प्रत्येक टेबलावर नुसतं साधं पाणी ढोसत गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते धोक्याचं आहे. तहान लागेल तेवढंच पी, आणि अधूनमधून मीठ असलेलं काहीतरी घे. चढ संपून बाबुलनाथाकडे उतार लागला की पाय मोकळे सोडू नकोस, त्या उतारावर नडग्या सगळ्यात जास्त आपटतात. लहान पावलं टाक. चौपाटीपुढे मरीन ड्राइव्ह सपाट आहे आणि संपता संपत नाही. पळायचं-चालायचं घड्याळ तिथेही तसंच चालू ठेव.

आईबद्दल शेवटी लिहिते आहे, कारण त्यावर मला सगळ्यात जास्त वेळ विचार करावा लागला.

ती गेली म्हणून तुला वेळ मिळाला, हे खरं आहे. मी ते पुसून टाकायला जाणार नाही, तू स्वतःही जाऊ नकोस. 'तिलाही हेच आवडलं असतं' असं तुला बरेच जण सांगतील. कदाचित आवडलंही असतं, पण ते तिच्या तोंडचं वाक्य नाही आणि त्यानं तुझा थांबलेला हात हलणार नाही. सात वर्षं रोज सहाला तुझ्या हातांना गरम पाण्याचं पातेलं, ओला पंचा, पावडरीचा डबा ठाऊक होता. ते हात सहा वाजता अजून तिकडेच जातात. त्यात अपराध काही नाही, ती हातांची सवय आहे आणि ती सुटायला तुझ्या हाडांइतकाच वेळ लागेल. तोवर त्या घटकेशी रोज झगडायचं कशाला? सव्वापाचला बाहेर पड. सहा वाजतील तेव्हा तू रस्त्यावर असशील, नाड्या केव्हाच बांधून झालेल्या असतील. एखाद्या दिवशी ते जमलं नाही, सहाला घरीच असलीस, तर त्या दिवशी पळू नकोस. तिच्या खोलीत बस, चहा घे, रडू आलं तर रड. तीनातला एक दिवस चुकला तर जानेवारीला काही होत नाही.

आणि तू उभी राहणार का हे आजच ठरवू नकोस. नाव नोंदवलेलं आहे, ते आहे तिथे राहू दे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पंधरा किलोमीटर पळून दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवली स्टेशनचा जिना कठडा न धरता उतरता आला तर उभी राहा. नाही उतरता आला तर यंदा पेडर रोडवर संत्री सोलायला जा आणि पुढच्या जानेवारीसाठी फेब्रुवारीपासून सुरुवात कर. मला एका चिरेनं तीन वर्षं मागे टाकलं होतं, त्यापुढे एक वर्ष काहीच नाही.

आज रात्री ती नडगी दाबून बघ आणि दुखणं पट्टा आहे की ठिपका, ते मला दोन ओळींत कळव. ठिपका असेल तर पत्राची वाट बघू नकोस, आधी डॉक्टरांकडे जा.

तुझी,
ताई